दिनानाथ गावंडची गुप्त चौकशी

प्रश्न विचारून झाला होता आणि दातारसाहेब आपल्या केबिनमध्ये उत्तराची वाट पाहत होते.

छताचा पंखा फिरत होता. टेबलावरच्या परिपत्रकाचा कोपरा उठत होता, पडत होता, जणू कागदालाही काही सांगायचे असून धीर होत नव्हता. मोरू शिपाई चहाचे दोन कप घेऊन दारातच थबकला होता. आणि टाइम ऑफिसचा क्लार्क दिनानाथ गावंड भिंतीवरच्या सुरक्षा-सप्ताहाच्या चित्राकडे अशा आर्ततेने पाहत होता, की त्यातल्या हेल्मेटवाल्या माणसानेच आता तोंड उघडावे!

"गावंड, मी तुम्हाला विचारतोय," दातारसाहेब म्हणाले. ते पर्सोनेल मॅनेजर होते आणि पुण्याचे होते. त्यांना प्रश्न दोनदा विचारायला आवडत नसे. "आपल्या या कंपनीत आजवर कुणी, कधी, कुणाची डिग्री तपासून पाहिली आहे का?"

कुणी नाही, कधी नाही, कुणाचीच नाही, हे या भूतलावर दिनानाथइतके कुणालाच ठाऊक नव्हते. सात वर्षांपूर्वी नोकरीच्या अर्जात 'शिक्षण' या शब्दापुढे त्याने 'बी.ए.' ही दोन अक्षरे लिहिली, तेव्हा तो बी.ए. नव्हता. एक पेपर राहिला होता. ऑक्टोबरात तो सुटेलच, अशा निर्मळ विश्वासाने त्याने ते भविष्य वर्तमानकाळात लिहून टाकले. ऑक्टोबर आला, झेंडू फुलले, पेपर काही सुटला नाही. पण तोवर तो मस्टरवर सही करू लागला होता. विद्यापीठाने नापास केलेल्या माणसाला कंपनीने पास करून घेतले, आणि पेण तालुक्यातल्या त्याच्या गावी, कासूला, त्याच्या आईने, बायजाबाईने, घरोघर पेढे वाटले.

कंपनी म्हणजे रोह्याशेजारी धाटावच्या वसाहतीतली हेमरंग डायकेम. कापडाचे रंग बनवणारी. तिच्या मागच्या ओहोळाकडे पाहून आज कोणता माल चालू आहे हे सांगता येई. सोमवारी निळा, गुरुवारी किरमिजी! या रंगीत, निवांत जगात मुंबईच्या हेड ऑफिसचे परिपत्रक आज सकाळी येऊन पडले होते. झाले होते असे, की कंपनीच्या दुसऱ्या एका कारखान्यातला एम.एस्सी. केमिस्ट दहावी नापास निघाला. तो पकडला गेला तोही बहिणीच्या लग्नाला रजेवर गेला म्हणून! त्याच्या मागे राहिलेल्या दोन खऱ्या एम.एस्सीं.ना रिअॅक्टर चालू करता येईना, म्हणून हा शिकलाय तरी काय हे पाहायला त्याची फाईल उघडली गेली. त्याच्या चार वर्षांत उत्पादन कधी नव्हे इतके वाढले होते, ही गोष्ट परिपत्रकात ओझरती आणि काहीशा नाराजीने नमूद केलेली होती.

दिनानाथने घसा साफ केला. संकटाच्या क्षणी माणसाला एक प्रकारची तेजस्वी बुद्धी सुचते. चौकशी करणाऱ्याची चौकशी कोण करतो!

"नाही साहेब, कुणी तपासलेली नाही. पण आता तपासू! माझ्यावर सोपवा. आठ दिवसांत चौदाच्या चौदा जणांचा निकाल तुमच्या टेबलावर!"

"पंधरा," दातारसाहेब म्हणाले.

"स्टाफ चौदाच आहे, साहेब."

"तुम्ही पंधरावे. तुमचे पत्र मी स्वतः लिहीन."

मोरू आत आला. त्याने कप ठेवले, आणि ठेवताना त्याची नजर त्या इंग्रजी परिपत्रकावरून डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडून उजवीकडे सरकली. दिनानाथला वाटले, बिचारा कप ठेवायला कोरडी जागा शोधतोय.

ज्याच्या त्याच्या कॉलेजला पत्रे गेली. दिनानाथ त्या दिवसांत जेवत होता, पण त्याला चव लागत नव्हती. झोपत होता, पण स्वप्नात त्याला पेणचे कॉलेज दिसे, आणि कॉलेजच्या खिडकीतून एक लांबलचक हात बाहेर येऊन त्याची गुणपत्रिका भर चौकात फडकवताना दिसे. मन रमवायला तो कार्यालयात जुन्या फाईली चाळत बसे. त्यात एक शिपाई भरतीची जुनी जाहिरात सापडली: 'सातवी पास. त्याहून जास्त शिकलेल्यांनी अर्ज करू नयेत.' शिकलेले शिपाई फाईली वाचतात, असा मुंबईचा अनुभव होता म्हणे!

आणि दहाव्या दिवशी कॉलेजचे उत्तर आले. 'आपण विचारणा केलेल्या वर्षांची रजिस्टरे वाळवीने खाल्ल्यामुळे माहिती पुरवता येत नाही. तसदीबद्दल क्षमस्व.'

वाळवी! दिनानाथने ते पत्र तीनदा वाचले. पृथ्वीच्या पोटातून, अंधारातून, कुणी न बोलावता आलेली ती पांढरी मुकी माउली! त्याचा राहिलेला पेपर तिने पानासकट सोडवला होता! त्या दिवशी त्याने कॅन्टीनमध्ये दोन प्लेट भजी खाल्ली आणि तिसरी मोरूला दिली. मोरूने भजी संपवली आणि ज्या कागदात ती आली होती, त्याची सुरकुती नीट करून तो दोन्ही बाजूंनी पाहत बसला.

"काय पाहताय, मोरूभाऊ?"

"तेल किती पितात कागद, ते बघतोय," मोरू म्हणाला.

दातारसाहेब मात्र परिपत्रकाचे शेवटपर्यंत वाचन करणाऱ्या दुर्मीळ जमातीतले होते. कलम नऊ: जेथे कागदोपत्री पडताळणी शक्य नसेल, तेथे उमेदवाराच्या गावी गुप्त स्थानिक चौकशी करावी. चौकशी करणाऱ्याने कंपनीचे नाव उघड करू नये. जे ऐकेल ते जसेच्या तसे लिहून आणावे. सोबत नमुना जोडला होता. शिक्षण किती? स्वभाव व वर्तणूक कशी? व्यसने आहेत काय? घरची परिस्थिती काय? आणि तळाशी गावातल्या दोन प्रतिष्ठितांच्या सह्या.

हा नमुना मुंबईत ज्याने तयार केला तो मोठा व्यासंगी असला पाहिजे. पण त्याने पेण तालुक्यात कधी मुलगी दिलेली नसावी.

"मंगळवारी मोरूला पाठवतो," दातारसाहेब म्हणाले. "सातवी शिकलाय. लिहिता येते, आणि डोके चालवत नाही. अशा कामाला असाच माणूस हवा."

वाचकहो, दिनानाथ मूर्ख नव्हता. लग्नसराईच्या तोंडावर एक अनोळखी माणूस रेल्वेच्या शटलमधून कासूला उतरतो आणि एकतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या पोराचे शिक्षण आणि व्यसने विचारतो, याचा गावात काय अर्थ होईल हे त्याला पक्के ठाऊक होते. कासूत अशा वेळी गाव एक होते. भाऊबंदकी, बांधाचे तंटे, निवडणुकीचे राग, सारे त्या एका दिवसापुरते खुंटीवर टांगले जाते आणि प्रत्येक पोराला एकेक पायरी वर चढवले जाते. मिठागरावर फावडे ओढणारा मिठाचा व्यापारी होतो. धरमतरला बार्जवर दोर सोडणारा बोटीवरचा ऑफिसर होतो. वडखळच्या नाक्यावर टेम्पो पुसणाऱ्या एकाला तर ट्रान्सपोर्टचा मालक म्हणून नागोठण्याची बायको मिळाली आणि तिच्या धाकाने तो पुढे खरोखरच मालक झाला!

तेव्हा दिनानाथने योजना आखली. रविवारी सकाळी तो स्टेशनबाहेरच्या काळुरामकाकाच्या चहाच्या टपरीवर गेला. काळुरामकाका हा या साऱ्या शास्त्राचा आचार्य. त्याच्या जिभेवर आजवर एकवीस वराती निघाल्या होत्या.

"काका, मंगळवारी माझी चौकशी करायला एक माणूस येईल," दिनानाथ जमेल तेवढे लाजून म्हणाला. "जरा नीट सांगा. शिक्षणाचं विशेष करून."

काकाने स्टोव्ह बारीक केला. "आरं माझ्या पोरा! कवाची वाट बघत होतो! बायजाला सांगितलंस का?"

"आईला कशाला..."

"तू गप! तू आता बोलायचं नाय. आता गाव बोलंल!"

दिनानाथ समाधानाने परतला. गाव ठासून 'बी.ए.' म्हणेल, दोन सह्या होतील, प्रकरण मिटेल. एक साधी गोष्ट तेवढी त्याच्या ध्यानात आली नाही. गाव प्रत्येकाला एक पायरी चढवते. आणि त्याने आपली एक पायरी सात वर्षांपूर्वीच, स्वतःच्या हाताने, चढून ठेवलेली होती!

मंगळवारी 'कंबर धरली आहे' अशी चिठ्ठी ऑफिसात पाठवून दिनानाथ टपरीच्या मागच्या भागात, गोणपाटाच्या पडद्याआड, कोळशाच्या पोत्यावर दबा धरून बसला. शटल आली. मोरू उतरला. स्वच्छ धुतलेला सदरा, हातात पिशवी, कानावर पेन्सिल.

"दिनानाथ गावंडांची जरा चौकशी करायची होती," तो म्हणाला.

टपरीत उकळणारा चहासुद्धा क्षणभर थांबला असावा. मग एकदम बाक पुसण्याचा आवाज आला.

"बसा, बसा पाव्हणं! कुठलं तुमी?"

"रोह्याकडचा."

"वा! आमच्या दोन पोरी दिल्यात रोह्याला. मुलीचं कोण तुमी? मामा काय?"

मोरू किंचित थांबला. गुप्ततेचे कलम त्याला तोंडपाठ असावे. "तसंच समजा," तो म्हणाला. "मुलगा बी.ए. हाय, असं कानावर आलंय."

"बी.ए.?" काळुरामकाकाचा स्वर दुखावला. "कोण बोललं बी.ए.? बी.ए. तर आमच्यात शेरडं राखतात! एम.ए. हाय पोरगा, एम.ए.!"

पडद्याआड दिनानाथने कपाळावर हात मारला. कोपराचा धक्का लागून एक किटली घरंगळत खाली गेली.

"कसला आवाज?" मोरूने विचारले.

"मांजर हाय," काका म्हणाला.

बाकावर मुसाचाचा बसला होता. अकरा वर्षे कुवेतला काढून, लढाईच्या धामधुमीत परतलेला. तिथली सवय म्हणून तो अजून चहा काचेच्या छोट्या पेल्यात पीत असे, आणि काळुरामकाका एकट्याने शर्यत जिंकतोय हे त्याला कधीच सहन होत नसे.

"नुसता एम.ए. नाय," मुसाचाचा म्हणाला. "सोन्याचा मेडल! अल्ला कसम, या हातात घेतलाय मी."

"कुठं असतो तो मेडल?" मोरू लिहीत होता.

"मेडल ना? तो... आयच्या पेटीत. आन् सांगू काय, मी कुवेतला होतो ना, तवा आमच्या अरबानं या पोरासाठी विझा पाठवला. मीच आणला! ह्यो पोरगा काय बोलला? चाचा, आय एकटी हाय, मी नाय येणार. विझा परत गेला! कोण करतो आजकाल?"

आणि मुसाचाचाचे डोळे खरोखर पाणावले. आपणच रचलेल्या प्रसंगातून तो त्या क्षणी मोठ्या दुःखाने चालत होता. काळुरामकाकानेही खांद्यावरच्या फडक्याने नाक पुसले. पडद्याआड दिनानाथला एक चमत्कारिक हुरहूर वाटली. असा कुणी दिनानाथ असता, तर त्याला भेटायला बरे वाटले असते.

एवढ्यात डोक्यावरचा पदर सावरत बायजाबाई आली. तिला निरोप पोचलाच होता.

"आय का तुमी?" मोरूने उठून हात जोडले. "कंपनीत बरं हाय ना मुलाचं?"

"बरं?" बायजाबाई म्हणाली. "त्याच्याबिगर कंपनीचं दार उघडत नाय! तो दातार का कोण सायेब हाय ना, तो बी याच्या हाताखाली."

पेन्सिल थांबली. "कोण कुणाच्या हाताखाली?"

"दातार. माझ्या पोराच्या."

दिनानाथला ठसका लागला. कोळशाची भुकटी, भीती आणि मातृप्रेम, तिन्ही एकदमच घशात गेली. तो तोंडावर हात दाबून खोकत राहिला.

"मांजर खोकतंय वाटतं," मोरू म्हणाला.

"थंडी लागलीय त्याला," काळुरामकाका म्हणाला.

"जपा त्याला," मोरू शांतपणे म्हणाला. "कंबर शेका म्हणावं."

दिनानाथने खोकला जागच्या जागी गिळला. पण नाही! बोलायचे म्हणून बोलला असेल. सातवी पास माणूस!

सह्या झाल्या. काळुरामकाकाने 'काळुराम' असे पूर्ण लिहून खाली दोन रेघा ओढल्या, मुसाचाचाने उर्दूत केली. निघताना काकाने वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हातभर जिताडा मोरूच्या पिशवीत घातला. खाडीचा हा मासा या भागात दोघांनाच भेट मिळतो. साहेबाला आणि मुलीच्या माणसाला. शटल सुटली, तरी बायजाबाई रुळांकडे पाहत उभी होती. "माणूस सभ्य हाय गो," ती शेजारणीला म्हणाली. "डोळ्याला डोळा देऊन बोलतो."

दुसऱ्या दिवशी दातारसाहेबांनी मोरूचा अहवाल दिनानाथपुढे मोठ्याने वाचला.

"'सदर इसम एम.ए. असून सुवर्णपदकाने विभूषित आहे. परदेशी नोकरीचा मोह त्याने केवळ मातृप्रेमास्तव, निग्रहाने दूर सारला. गावात ही गोष्ट आजही सजल नेत्रांनी सांगितली जाते. व्यसन नाही. एक मांजर आहे, ते खोकते. स्थानिक माहितीनुसार श्री. दातार हे सदर इसमाच्या हाताखाली काम करतात. याची खातरजमा कार्यालयीन स्तरावर व्हावी.'"

अक्षर मोत्यासारखे होते. अर्धविराम जिथल्या तिथे होते. दिनानाथला वाटले, मोरूने गावातल्या कुणा गुरुजींकडून लिहून घेतले असणार.

शेवटच्या वाक्यावर दातारसाहेबांनी पांढरी शाई फिरवली आणि खाली आपली सही करून उरलेला अहवाल त्याच दुपारी फॅक्सने मुंबईला रवाना केला.

इकडे दुसऱ्याच दिशेने आणखी एक घर कोसळले होते. लॅबमधला अमोल खराखुरा बी.एस्सी., फर्स्ट क्लास. त्याची रजिस्टरेही वाळवीनेच खाल्लेली, म्हणून मोरू त्याच्याही गावी जाऊन आला होता. तिथे गाठ पडली शेजाऱ्याशी. आणि शेजाऱ्याला, मुलीकडचे आलेत असे वाटताच, ते स्थळ आपल्या पुतण्यासाठी हवेसे झाले! "अमोल? तो शाळेच्या पायरीवर कवा बसला बी नाय," त्याने सही ठोकून सांगितले. अमोल बिचारा काचेच्या चौकटीतले आपले पदवीपत्र भिंतीवरून उतरवून, छातीशी धरून घेऊन आला.

"चौकट काय, कुणीही करून घेतो," दातारसाहेब म्हणाले. "चौकशी वेगळे सांगते."

आठ दिवसांनी मुंबईचा फॅक्स आला. दातारसाहेबांनी तो दिनानाथच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर पाहत बसले. बाहेर ओहोळ किरमिजी होता. म्हणजे गुरुवार असावा.

कलम अकरा: आपल्या शिक्षणाविषयी खोटी माहिती देणे, मग ती प्रत्यक्षाहून जास्त असो वा कमी, हा सारखाच अपराध असून त्यास बडतर्फी हीच शिक्षा आहे. श्री. गावंड यांनी आपली एम.ए. ही पदवी सात वर्षे कंपनीपासून का लपवली, याचा सात दिवसांत खुलासा करावा.

"साहेब!" दिनानाथ ओरडलाच. "मी एम.ए. नाही!"

"पुरावा?"

"नसल्याचा पुरावा कुठून आणू?"

"असल्याचा आहे. दोन प्रतिष्ठितांच्या सह्यांनिशी. नसल्याचा तुम्ही आणा."

आपण जे नाही ते नाहीच, हे सिद्ध करण्यासाठी एक माणूस त्या सात दिवसांत पेण ते रोहा असा वणवण फिरला. पेणच्या कॉलेजात, वाळवीच्या वासाने भरलेल्या खोलीत, क्लार्कने त्याचा अर्ज उलटसुलट पाहिला. "तुम्ही एम.ए. नाही असं लिहून हवं? पण आमच्याकडे एम.ए.चे वर्गच नाहीत. तेव्हा तुम्ही एम.ए. नाही, असं आम्ही कोणत्या आधारावर म्हणणार?"

"मग बी.ए. नाही, असं म्हणा!" दिनानाथच्या तोंडून निघून गेले. लगेच त्याने जीभ चावली.

"ते रजिस्टर वाळवीनं खाल्लंय," क्लार्क म्हणाला.

मग तो काळुरामकाकाकडे गेला. "काका, पाया पडतो. एक कागद लिहून द्या. मी एम.ए. नाही म्हणून."

काकाने त्याच्याकडे, ताप चढलेल्या पोराकडे पाहावे, तसे पाहिले. "येडा झालास काय? कासूनं दिलेला शब्द आज फिरवला, तर उद्या आपल्या एका तरी पोराला बायको मिळंल काय? आन् मामाचा निरोप आला का?"

घरी बायजाबाईने कपाटातल्या न वापरलेल्या कपबश्या काढून धुऊन ठेवल्या होत्या. "त्यांचं काय कळलं का रे?" ती रोज विचारी. रोज तो "नाय अजून" म्हणे आणि ती कपबश्यांवरचे फडके सारखे करी. त्या कपबश्या पाहून दिनानाथला प्रथमच वाटले, की नोकरी गेली तर ती एकट्याची जाणार नाही. या घरातून आईने वाटलेल्या पेढ्यांची चव जाईल, आणि गावाने चढवलेली पायरी निखळून सगळ्यांच्याच अंगावर पडेल.

सातव्या दिवशी सकाळी त्याने ट्रंकेच्या तळातून, जुन्या पंचांगाखालून, ती गुणपत्रिका काढली. सात वर्षे उजेड न पाहिलेला तो कागद. वाळवीने जगातले सारे खाल्ले होते, नेमका हाच ठेवला होता!

"साहेब," केबिनमध्ये उभे राहून तो म्हणाला, "मी एम.ए. नाही. मी बी.ए.सुद्धा नाही. एक पेपर राहिलाय. हा घ्या पुरावा. काय करायचं ते करा."

त्याने गुणपत्रिका टेबलावर पसरली. मोरूने दोन कप चहा आणून ठेवला आणि तो कोपऱ्यात उभा राहिला. दातारसाहेबांनी गुणपत्रिका वाचली, उलटी करून कोरी बाजू पाहिली, आणि पुन्हा वाचली. पंखा फिरत होता. मग त्यांनी खणातून एक लिफाफा काढून दिनानाथपुढे सरकवला.

"सकाळीच आलाय. वाचा."

लिफाफ्यात डायरेक्टरसाहेबांच्या सहीचे पत्र होते. कुवेतची नोकरी आईसाठी नाकारणारा आणि सुवर्णपदक पेटीत ठेवून मुकाट्याने मस्टर भरणारा हा माणूस वाचून ते इतके हेलावले होते, की त्यांनी कलम अकराला या एका प्रकरणी अपवाद केला होता. ज्याने स्वतःची पदवी फुगवली नाही, तो इतरांच्या फुगवलेल्या पदव्या अचूक हुडकील, अशी त्यांची खात्री होती. सबब, श्री. दिनानाथ गावंड यांची कंपनीच्या सर्व कारखान्यांसाठी पडताळणी अधिकारी म्हणून नेमणूक करण्यात येत आहे!

"पण साहेब, हा कागद..."

"कोणता कागद?" दातारसाहेबांनी गुणपत्रिका बोटाच्या टोकाने परत सरकवली. "गावंड, तुमच्या चौकशी-अहवालावर सही माझी आहे. तुम्ही नापास ठरलात, तर आधी माझी चौकशी नापास होते. मी काहीही पाहिलेले नाही. उद्यापासून तुम्ही एम.ए. आहात, जरा तसे राहत चला."

"आणि अमोल?"

"त्याला तुम्ही तपासा. तुमची पहिली केस." ते उठले, चहाला हात न लावता. दारात थांबून, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहून म्हणाले, "आणि आईंना सांगा, की मी तुमच्या हाताखाली नाही. अजून तरी."

ते जेवायला निघून गेले. दिनानाथ खुर्चीत बसला. आपण वाचलो आहोत हे त्याला कळत होते. पण नक्की कोण वाचले, हे कळत नव्हते. अमोलचा कागद तरी आज काचेसकट खरा करून टाकू, एवढे त्याने मनाशी ठरवले.

मोरू कप उचलायला पुढे आला. टेबलावर गुणपत्रिका अजून उघडीच होती. लाल शाईने अधोरेखित केलेल्या त्या एका ओळीवर त्याची नजर क्षणभर थांबली.

"भाषाविज्ञान," तो हळूच म्हणाला. "स्वनिमांच्या प्रकरणात अडकला असाल. तिथेच अडकतात सगळे. आधी उदाहरणे पाहायची असतात, व्याख्या नंतर."

त्या बोलण्यात नेहमीचा 'हाय' नव्हता, 'नाय' नव्हता.

दिनानाथने सावकाश मान वर केली. इंग्रजी परिपत्रकावरून सरकलेली नजर. भज्यांचा कागद, दोन्ही बाजूंनी. जिथल्या तिथे बसलेले अर्धविराम. शेकायला सांगितलेली मांजराची कंबर.

"मोरूभाऊ," तो म्हणाला, "तुमच्या फाईलीत सातवी पास लिहिलंय."

मोरू ट्रे पुसत होता.

"खरं सांगा. कुणाला कळणार नाही. किती शिकलात तुम्ही?"

मोरूने टेबलाकडे पाहिले. तिथे नव्या पडताळणी अधिकाऱ्याचे नेमणूकपत्र होते, आणि त्याच्याच शेजारी तो गुरुवारचा फॅक्स, कलम अकरा असलेली बाजू वर करून. त्याने साहेबांचा न प्यालेला चहा दुसऱ्या कपात ओतला, दोन्ही कप ट्रेमध्ये ठेवले, ट्रे उचलला, आणि तो व्हरांड्यातून कपबश्या किणकिणवत सरळ पॅन्ट्रीकडे चालू लागला.